कोचीनची रानगाडी

आपल्या शालेय पुस्तकांत आगगाडीचा प्रवेश मोठ्या थाटाने होतो. १८५३ सालच्या एप्रिल महिन्यात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे वाक्य आमचा प्रत्येक विद्यार्थी झोपेतसुद्धा म्हणून दाखवील. त्यानंतर मात्र तीच आगगाडी पुस्तकातून जी निघून जाते, ती पुन्हा दृष्टीस पडत नाही. कोठला मार्ग कशासाठी घातला, त्याने कोणाचे काय नेले व कोणास काय दिले, आणि मुख्य म्हणजे कोणता मार्ग का बंद पडला, याचा विचार करण्याची आपल्याला सवयच राहिलेली नाही. चालू असलेली गाडी सर्वांना दिसते. बंद पडलेली गाडी शोधावी लागते. आणि आमचे मत असे आहे की, शोधावी लागणारी वस्तूच विद्यार्थ्याला अधिक शिकविते.

हे मत नुसते ओसरीवर बसून बनविलेले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडील एका लुप्त झालेल्या लोहमार्गाचा माग काढण्याचा योग आम्हांस आला. हा मार्ग म्हणजे जुन्या कोचीन संस्थानचा वनमार्ग. इंग्रजी दप्तरांत त्यास ‘फॉरेस्ट ट्रामवे’ म्हणत, म्हणून तिकडची माणसे आजही त्याला नुसते ‘ट्राम’ म्हणतात. ट्राम हा शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे जुन्या मुंबईच्या रस्त्यावरील दुमजली ट्राम उभी राहील, तर ती त्याने बाजूस सारावी. ही ट्राम सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील घनदाट रानातून सागाचे व शिसवीचे ओंडके खाली आणीत असे. परांबिकुळमच्या अरण्यापासून चालक्कुडी या गावापर्यंत तिची लांबी साडेएकोणपन्नास मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर होती. १९०७ साली ती वाहतुकीस लागली आणि १९६३ साली कायमची बंद झाली. या दोन आकड्यांची वजाबाकी वाचकांनी मनात करून ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

प्रथम एक शंका. लाकूड खाली आणावयाचे, तर त्यासाठी रूळ कशाला हवे होते? आपल्याकडील कोणीही जाणता मनुष्य म्हणेल की, ओंडके नदीत सोडावेत व पाण्याने ते आपोआप खाली यावेत. जगात पुष्कळ ठिकाणी तसेच केले जाई. परंतु परांबिकुळमचे पाणी ज्या चालक्कुडी नदीस मिळते, ती नदी साधी नव्हे. वाळच्चाल आणि अतिरप्पिळ्ळी येथे ती खडकांवरून खाली झेप घेते. अतिरप्पिळ्ळीचा धबधबा ८० फुटांच्या आसपास उंच आहे. अशा ठिकाणी सोडलेल्या मौल्यवान ओंडक्याचे पायथ्याशी काय होईल, हे सांगावयास नको. बैलगाडीचा रस्ता करावा, तर मध्ये डोंगरांच्या रांगा. हत्ती ओंडका ओढून रानातल्या रानात एकत्र करील, पण ऐंशी किलोमीटर वाहून नेण्याचे ते काम नव्हे. सारांश, रानात अमाप धन उभे आणि ते बाहेर काढावयास दार नाही, अशी त्या लहानशा संस्थानची स्थिती होती.

त्या वेळी कोचीनच्या गादीवर राजे रामवर्मा होते. पुढे १९१४ साली त्यांनी स्वतः होऊन राज्यत्याग केला व तिकडील लोक त्यांना राजर्षी म्हणू लागले. आगगाडीचे वेड म्हणा किंवा दूरदृष्टी म्हणा, ती त्यांच्यापाशी होती. शोरणूर ते एर्नाकुळम हा मीटरगेज मार्ग १९०२ साली सुरू झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच्या खर्चासाठी तृप्पुणित्तुरा येथील पूर्णत्रयीश मंदिरातील हत्तींचे सोन्याचे भालपट्ट त्यांनी विकावयास काढले, ही गोष्ट कोचीनमध्ये अजून सांगितली जाते. देवाच्या हत्तीचे सोने विकून लोखंडाचा घोडा घेणारा हिंदू राजा! आमच्या मते हा प्रसंग क्रमिक पुस्तकात यावयास हवा होता. असो. चालक्कुडी हे या नव्या मार्गावरचे स्टेशन. तेथपर्यंत डोंगरातले लाकूड पोचले की ते पुढे बंदरापर्यंत आणि बंदरातून जगात कोठेही जाऊ शकत होते. वनमार्गाचे कोडे सुटले ते या १९०२ च्या मार्गामुळे. एक दार उघडले, म्हणून दुसरे उघडणे परवडू लागले.

आता या गाडीची खरी गंमत. चालक्कुडीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा भाग बराचसा सपाट होता. तेथे वाफेची लहान इंजिने चालत. ती जर्मनीच्या ऑरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्याची होती. खरी अडचण पुढे होती. आपल्या कुळ्याहून कॅसलरॉककडे जाणारा घाट विद्यार्थ्यांनी पाहिलेला आहे. तेथे चढण ३७ फुटांस १ फूट आहे, आणि एवढ्या चढणीवरदेखील गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. कोचीनच्या रानात काही ठिकाणी डोंगर याहून कितीतरी उभा होता. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अशा चढणीस धरून राहात नाही, ते घसरते. मग इंजिन घाट चढणार कसे?

उत्तर असे की, इंजिनाने घाट चढावयाचाच नाही. डोंगराच्या तीव्र उतारावर सरळ रूळ घालावयाचे. माथ्यावर एक मोठा ढोल, त्याभोवती पोलादी दोर. दोराच्या एका टोकास माथ्यावरील लाकडाने भरलेल्या वाघिणी, दुसऱ्या टोकास तळाशी उभ्या असलेल्या रिकाम्या वाघिणी. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली येऊ लागल्या की, त्यांच्या ओढीने रिकाम्या वर चढत. कोळसा नको, वाफ नको. माथ्यावरील मनुष्याच्या हाती फक्त ब्रेक. त्याने दोराची गती आवरावयाची, एवढेच. विहिरीवरील रहाटाला दोन बाजूंनी दोन पोहरे बांधलेले ज्याने पाहिले असतील, त्याला हे यंत्र निराळे समजावून देण्याची गरज नाही. आमच्या विज्ञान शिक्षकांना आम्ही विनंती केली आहे की, कप्पीचा पाठ शिकविताना प्रयोगशाळेतील पितळी वजनांबरोबर या वाघिणींचीही आठवण मुलांना द्यावी.

पण क्षणभर ब्रेकवरील त्या मनुष्याचा विचार करा. खाली जाणारे वजन कित्येक टनांचे. पावसाळ्यात दोर ओला, ढोल ओला, रूळ ओले. त्याचा हात सैल पडला, तर भरलेल्या वाघिणी तळाशी असलेल्या माणसांवर जाणार. या मार्गाविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात राजाचे नाव आहे, दिवाणाचे आहे, गोऱ्या इंजिनिअराचे आहे. ब्रेकवर हात ठेवून उभा राहणारा आमच्या वाचनात कोठे नावानिशी आलेला नाही. या लेखाचे खरे कारण तेच आहे, हे येथेच सांगून टाकणे बरे.

कोचीन हे नाव आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांस परके नाही. सोळाव्या शतकात गोव्यातून परागंदा झालेली आमची कित्येक कुटुंबे समुद्रमार्गे दक्षिणेस गेली आणि कोचीनच्या राज्यात स्थिरावली. मट्टांचेरी येथील तिरुमल देवस्थान ही त्यांची आजही जिवंत असलेली खूण आहे. नात्याने आमच्या मावशी लागणाऱ्या एक वृद्ध बाई तेथे राहतात. त्यांची कोंकणी आमच्या कोंकणीहून जराशी निराळी आहे. आम्ही ‘रूक’ म्हणतो तेथे त्या ‘रूकु’ म्हणतात, आणि आमच्या बोलण्याला त्या अर्धवट म्हणून हसतात. चारशे वर्षे परमुलुखात राहून त्यांनी शब्दाचे शेपूट सांभाळले आणि आम्ही घरी राहून ते गमावले, याची थोडी लाज वाटते खरी.

वनमार्गाचा विषय निघाला, तेव्हा मावशींचे यजमान लाकडाच्या वखारीत कारकून होते, ही गोष्ट आम्हांस प्रथमच कळली. मावशी स्वतः त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. परंतु ट्रामने आलेल्या ओंडक्यांना एक वास असे, तो अंगणापर्यंत येई, आणि गाडी बंद झाल्यावर तो वास यावयाचा थांबला, हे त्यांना लख्ख आठवत होते. “झाडां गेलीं, गाडीय गेली,” असे त्या आमच्यासाठी गोव्याच्या वळणाने म्हणाल्या. झाडे गेली, गाडीही गेली. सरकारी अहवालाने कित्येक पृष्ठांत जे सांगितले असते, ते त्या बाईंनी चार शब्दांत आटोपले. मात्र त्यांचे विधान पूर्णपणे खरे नाही, हे पुढे दिसून येईल.

परांबिकुळमला जाण्याची वाट मोठी चमत्कारिक आहे. हे अरण्य केरळ राज्यात. परंतु मोटारीने तेथे जावयाचे, तर तामिळनाडूतील पोळ्ळाचीवरून, सेतुमडै व टॉप स्लिप या ठिकाणांहून प्रवेश करावा लागतो. म्हणजे केरळच्या मनुष्याला स्वतःच्याच रानात जाण्यासाठी शेजाऱ्याच्या अंगणातून वळसा घालणे भाग आहे. एके काळी चालक्कुडीहून थेट वर जाणारी रुळांची वाट होती. ती मोडली आणि हा वळसा नशिबी आला. टॉप स्लिप हे नावही लाकडापासूनच पडले. डोंगरमाथ्यावरून ओंडके उतारावर सोडून देत. ते घसरत खाली जात, म्हणून माथ्याच्या जागेला हे इंग्रजी नाव चिकटले.

परांबिकुळम आता व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे मन मानेल तसे हिंडता येत नाही, वनखात्याच्या परवानगीने व वाटाड्यासह जावे लागते. आणि ते योग्यच आहे. आमचा वाटाड्या कादर जमातीचा तरुण होता. कादर म्हणजे या रानाचे मूळचे रहिवासी. मध गोळा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आमचा मावसभाऊ मल्याळममध्ये प्रश्न विचारी आणि उत्तर कोंकणीत आमच्यापर्यंत पोचवी. अशा रीतीने दोन भाषांच्या पुलावरून आमची माहितीची वाघीण हळूहळू सरकत होती.

जुना लोहमार्ग रानात ओळखावा कसा? आम्ही गेलो तेव्हा मनात रुळांची जोडी होती. तसे काही दिसत नाही. रूळ बहुतेक सर्व उखडून भंगारात गेले. लाकडी स्लीपर पावसाने व वाळवीने केव्हाच खाल्ले. राहिला आहे तो फक्त सपाटपणा. रानात सपाट, सलग, सारख्या रुंदीची जमीन निसर्ग कधी करीत नाही. डोंगराच्या कुशीतून एक पट्टी एकाच चढाने जाताना दिसली, एका बाजूस डोंगर तासलेला आणि दुसऱ्या बाजूस भराव घातलेला दिसला, की समजावे, येथे मनुष्य येऊन गेला आहे. वाटाड्याने आम्हांला एका ओढ्याकाठी नेले. दोन्ही तीरांवर घडीव दगडांचे ओटे समोरासमोर उभे होते आणि मध्ये काहीच नव्हते. पुलाचे खांदे शिल्लक होते, पूल नव्हता. दगडांच्या सांध्यांत एका झाडाने मुळे अशी पसरली होती की, आता ते झाड काढले तर ओटा पडेल आणि ओटा काढला तर झाड पडेल.

पुढे गवतात एक लोखंडी तुकडा सापडला. तो कशाचा, हे आम्हांस ओळखता आले नाही; मावसभाऊ म्हणाला, वाघिणीच्या जोडसाखळीचा असावा. वाटाड्याने तो आमच्या हातातून घेतला, पाहिला आणि जेथून उचलला होता तेथेच परत ठेवला. रानातली वस्तू रानाबाहेर न्यावयाची नाही, हा तेथला नियम. त्याचे आजोबा ट्रामच्या कामावर होते. काय काम करीत, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला की, रुळांवर पडलेली झाडे बाजूस करीत, आणि हत्ती रुळांवर उभा असला तर गाडीपुढे धावत जाऊन सांगत. या कामास कोणत्या दप्तरात कोणता हुद्दा असेल? आजोबांचे नाव आम्ही वहीत टिपून घेतले आहे. परंतु त्यांच्या घरच्यांची संमती मिळेपर्यंत ते छापणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

जळवांविषयी येथे विस्तार करीत नाही. ज्यांना त्यांची हौस असेल, त्यांनी नोव्हेंबर महिन्यात तेथे जावे.

या मार्गावर कुरियारकुट्टी नावाची एक जागा आहे. १९३३ साली पक्षितज्ज्ञ सालिम अली त्रावणकोर व कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करीत होते, तेव्हा त्यांनी येथे तळ दिला होता. पत्नी तेहमिना त्यांच्याबरोबर होत्या. मुंबईच्या या गृहस्थाने ज्या रानात पक्षी मोजले, त्याच रानातून ज्या काळात ओंडके खाली जात होते. आम्हांला हा योगायोग विचार करण्यासारखा वाटतो. गाडी नसती तर त्या दुर्गम रानात अभ्यासकाचे जाणे कठीण होते. आणि गाडी जितकी अधिक चालली असती, तितके अभ्यासकाला पाहावयास कमी उरले असते.

रान पाहून परतताना प्रत्येक प्रवाशाला कन्निमारा नावाचा सागवृक्ष दाखवितात. त्याचे वय साडेचारशे वर्षांहून अधिक सांगतात आणि जिवंत सागवृक्षांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. हातांत हात गुंफून पाच माणसे उभी राहिली, तरी त्याला जेमतेम कवेत घेतील. लोककथा अशी की, पूर्वी त्याच्यावर कुऱ्हाड घातली तेव्हा झाडातून रक्त उसळले, म्हणून तो तोडला गेला नाही आणि त्याची पूजा होऊ लागली. विज्ञान शिकलेला विद्यार्थी या कथेस हसेल. हसण्यापूर्वी त्याने एवढे पाहावे की, साडेएकोणपन्नास मैल रूळ घालून जे लाकूड नेले गेले ते सारे गेले, आणि भाबड्या कथेने राखलेले हे झाड उभे आहे.

आता ती वजाबाकी. १९०७ ते १९६३, म्हणजे छप्पन वर्षे. रानात आपोआप वाढलेला साग चांगला जाडजूड होण्यास याहून किती तरी अधिक काळ लागतो. जो मार्ग झाडे नेण्यासाठी घातला, तो एका झाडाच्या आयुष्याइतकाही टिकला नाही. का टिकला नाही, याची कारणे गूढ नाहीत. दोर, पूल, भराव यांची दुरुस्ती पावसाच्या मुलुखात दरवर्षी करावी लागे. रुळांजवळचे सोयीचे लाकूड प्रथम गेले, मग दूरचे आणावे लागले. पुढे मोटारलॉरी आली. ती रूळ मागत नाही. कोचीन संस्थान १९४९ साली त्रावणकोरशी जोडले गेले आणि १९५६ साली केरळ राज्य झाले. ज्या राजाने हौसेने हिशेब मांडला होता, त्याचे राज्यच उरले नाही. नव्या हिशेबनिसांना जमेपेक्षा खर्च मोठा दिसला आणि त्यांनी वही मिटली. आम्ही त्यांना दोष देत नाही.

मात्र मावशींचे ‘झाडां गेलीं’ हे विधान पूर्ण खरे नाही, असे वर म्हटले ते यासाठी की, परांबिकुळमचे रान आज उभे आहे. काही मूळचे, काही लावलेले. शेजारच्या आनैमलैच्या बाजूस ह्यूगो वुड नावाचे इंग्रज वनाधिकारी होऊन गेले. तोडलेल्या सागाच्या बुंध्यांतून फुटवे वाढविणे आणि हिंडता हिंडता काठीने जमिनीत बी रोवीत जाणे, हा त्यांचा परिपाठ. १९३३ साली ते वारले आणि त्यांच्याच सागांच्या सावलीत त्यांचे थडगे आहे. लाकूड नेणारे व लाकूड लावणारे दोघेही सरकारी नोकरच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळाविषयी एकाच रंगाचे मत बनविणे कठीण जाते. आम्हांलाही जाते. वनमार्ग हे बुद्धिचातुर्याचे मोठे काम होते आणि तेच रान रिकामे करण्याचे यंत्रही होते. यांतले एक वाक्य खोडून दुसरे राखणाऱ्याशी आमचे जमणार नाही.

अशा जुन्या मार्गांविषयी सर्वत्र एक सूचना ऐकू येते : पर्यटकांसाठी गाडी पुन्हा सुरू करावी. माथेरानची छोटी गाडी आहे, उटीची आहे, मग ही का नको? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नको. माथेरान आणि उटी या माणसांच्या वस्तीच्या जागा आहेत. गाडी तेथे माणसांना नेते. परांबिकुळमच्या गाडीने माणसांना नेण्याचे काम प्रसंगोपात्त केले असेल. तिचे कूळ लाकडाचे. आता तेथे वाघाचे, हत्तीचे, गव्याचे आणि कादरांचे घर आहे. सहा दशके रानाने आपल्या हाताने जी वाट बुजविली, ती चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी पुन्हा उकरावी, यात स्मरण कमी आणि धंदा अधिक आहे. ओट्याच्या सांध्यांत वाढलेले ते झाड वर सांगितले. प्रथम कुऱ्हाड त्याच्यावरच पडेल.

जे करावयास हवे ते निराळे आणि स्वस्त आहे. मार्गाचा प्रत्येक भराव, प्रत्येक मोरी, प्रत्येक ओटा नकाशावर नोंदवावा. चालक्कुडीत उतरून पाहणाऱ्याला या मार्गाची सारी कथा एका दालनात वाचावयास मिळावी. आणि जी माणसे त्या कामावर होती, त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत, मग ती मल्याळम असो, तामिळ असो वा कादरांची बोली असो, उतरवून घ्याव्यात. हे शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. १९६३ साली जो पंधरा वर्षांचा पोर वाघिणीला खीळ लावीत होता, तो आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. दगडी ओटे आणखी शंभर वर्षे थांबतील. तो थांबणार नाही.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांना कोणी म्हणेल, कोचीनच्या गोष्टीशी तुमचा काय संबंध? संबंध अगदी घराजवळचा आहे. आमचा घाटातला लोहमार्गही याच सह्याद्रीतून, मोले व दूधसागरच्या रानातून जातो. तो दुपदरी करावा की नाही, यावर अलीकडच्या वर्षांत किती वादंग माजले, हे पालकांना ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामास दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. शाळेच्या वार्षिकात त्या वादाचा निकाल आम्ही लावू इच्छीत नाही. परंतु असा प्रश्न पुढे येतो, तेव्हा एक बाजू प्रगतीचे नाव घेते, दुसरी रानाचे. आणि मार्गाचे आयुष्य किती, तो जे नेणार ते किती वर्षे पुरणार, हा कोचीनच्या हिशेबनिसांना शेवटी पडलेला प्रश्न आरंभी कोणीच विचारीत नाही. छप्पन वर्षांचा आकडा मनात असलेला विद्यार्थी तो विचारू शकेल.

पलीकडच्या अळणावर–दांडेली फाट्याचे उदाहरण तर याहून जवळचे. तोही दांडेलीचे लाकूड आणण्यासाठीच घातलेला. त्याच्यावरील प्रवासी गाडी बंद पडली, आणि २०१९ साली पुन्हा सुरू झाली. म्हणजे लाकडासाठी जन्मलेल्या मार्गाला माणसांचे दुसरे आयुष्य मिळू शकते, हेही खरे. कारण त्याच्या टोकाशी गाव आहे. कोचीनच्या मार्गाच्या टोकाशी रान होते.

या वर्षी नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम दिले आहे. आपल्या गावातील बंद पडलेली एक वाट, एक फेरी, एक खाण, एक वखार किंवा एक मोरी शोधावी. ती पावलांनी मोजावी. आणि तेथे काम केलेल्या एका तरी माणसाशी बोलून त्याने वापरलेल्या हत्यारांची नावे, तो ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत, लिहून आणावीत. शब्द कोंकणी असला तर कोंकणीच लिहावा. मराठीत फिरवू नये. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. एकीत कुळे स्टेशनावर पूर्वी पॉइंट्समनचे काम केलेल्या आजोबांनी मीटरगेजच्या काळातील कंदिलाचे चित्र स्वतः काढून दिले आहे, आणि त्याखाली रॉकेल किती दिवस पुरे, तेही लिहिले आहे. वह्या वाचनालयाच्या दुसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवल्या आहेत.